बार्शी लाईटच्या मॉडेलसाठी हाताने घातलेला रूळ: सांगलीतल्या कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

बार्शी लाईट रेल्वेच्या जुन्या मिरज-पंढरपूर नॅरोगेजवरचं एक लहान स्टेशन १:८७ या प्रमाणात करायला घेतलंय. दोन मार्ग, मालधक्क्याकडे जाणारी एक सायडिंग आणि दोन सांधे, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागा. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव या पट्ट्यातलं कुठलंही स्टेशन समजा. आराखडा माझा आहे, वातावरण तिथलं.

तयार रूळ का नाही, हे आधी सांगतो. बार्शी लाईटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मि.मी. त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतात. एन स्केलचा ९ मि.मी. गेजचा तयार रूळ मिळतो आणि गाडी त्यावर चालतेही. पण तो १:१६० साठी केलेला असल्यामुळे त्याचे स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे ओंडके, आखूड आणि दाट असतात. १:८७ चा डबा त्यावर ठेवला की खाली मेन लाईनच आक्रसून ठेवल्यासारखी दिसते. नॅरोगेजची ओळख स्लीपरांत असते. गेजच्या मानाने ते लांब असतात आणि मधली अंतरं मोठी. पाच फुटी स्लीपर धरला तर मॉडेलवर तो साडेसतरा मि.मी. होतो. असा रूळ हाताने घातल्याशिवाय मिळत नाही.

दुसरं कारण रुळाच्या उंचीचं. ही लाईन उभी करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा सगळा हिशेबच हलक्या रुळाचा होता. यार्डाला ३० पौंड वजनाचा रूळ आणि कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही. १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली, १९२७ ला लाईन मिरजेला पोचली. तो ३० पौंडी रूळ उंचीला तीन इंचांच्या आसपास, म्हणजे मॉडेलवर जेमतेम ०.९ मि.मी. कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत रुळाची उंची. कोड ४० चा रूळ १.०२ मि.मी. उंच असतो, तो दिसायला अगदी जवळचा. पण माझ्याकडची एनची चाकं जुनी आहेत, त्यांच्या कडा, म्हणजे रुळाच्या आत खाली उतरणारी चाकाची कोर, खोल आहेत. कोड ४० वर त्या आतल्या बाजूच्या सोल्डरला घासतील. म्हणून १.४ मि.मी.चा कोड ५५ घेतोय. थोडा जाड दिसेल, पण गाडी चालली पाहिजे.

२१ जानेवारी

रूळ परदेशातून मागवला. कस्टम आणि पोस्ट धरून ४,२०० रुपये गेले. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच. रूळ निकेल सिल्व्हरचा आहे, आपल्याकडे ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तो धातू.

पद्धत अशी: तांब्याचा पत्रा चढवलेला पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा) बोर्ड कापून त्याचे स्लीपर करायचे आणि रूळ थेट त्यावर सोल्डर करायचा. दर चौथा-पाचवा स्लीपर पीसीबीचा, मधले लाकडाचे. लाकडाची पट्टी पीसीबीएवढीच १.६ मि.मी. जाड पाहिजे, नाहीतर रूळ मधेच अधांतरी राहतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पीसीबी दोन प्रकारचा मिळतो. तपकिरी बोर्ड स्वस्त, हिरवट काचेच्या धाग्याचा महाग. मी आधी तपकिरी आणला, साधारण निम्म्या किमतीत. त्यावर रूळ सोल्डर केला आणि अंतर सुधारायला पुन्हा तापवला तर तांबं बोर्डापासून सुटून रुळाबरोबर वर आलं. हाताने घातलेल्या रुळात प्रत्येक सोल्डर पुन्हा तापवावं लागतंच, त्यामुळे तपकिरी बोर्ड इथे कामाचा नाही. तो बाजूला ठेवला आणि काचेच्या धाग्याचा आणला. हा कापताना धूळ उडते ती फुप्फुसाला वाईट. मास्क लावून, बोर्ड ओला करून, गच्चीवर कापा. घरात कापू नका.

स्लीपरची रुंदी २.३ मि.मी., दोन स्लीपरांच्या मध्यांतलं अंतर साडेआठ मि.मी. सांध्याखाली हे अंतर थोडं कमी ठेवणार आहे.

४ फेब्रुवारी

गेज करून घेतले, म्हणजे रुळांमधलं अंतर धरून ठेवणारी हत्यारं. डोळ्याने किंवा व्हर्निअर धरून ९ मि.मी. अंतर सांभाळत सोल्डर करणं शक्य नाही. दोन्ही रूळ ज्याच्या खाचांत बसतील असा एक लहान दंडगोल लेथवर करून घ्यावा लागतो. कुपवाड एमआयडीसीत एका मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी चित्र बघितलं, म्हणाले, “एवढं बारकं कशाला लागतंय दादा? पंपाचं पिन आहे काय?” रेल्वेचं आहे म्हटल्यावर हातातलं काम थांबवून त्यांनी नीट मोजमापं लिहून घेतली.

पहिला जोड पितळेचा झाला. माप अचूक होतं, पण सोल्डर पितळेला धरतं. एक थेंब ओघळला आणि गेज रुळालाच चिकटला. सोडवताना शेजारचे दोन स्लीपर हलले. आता तेच माप ॲल्युमिनियममध्ये करून घेतलंय. साधं सोल्डर ॲल्युमिनियमला धरत नाही, काम सुटसुटीत होतं. दोन्ही जोड मिळून ९०० रुपये. तुम्ही थेट ॲल्युमिनियमचा सांगा, आणि एका वेळी तीन तरी करून घ्या. दोन टोकांना दोन आणि मध्ये फिरता एक असे लागतात.

११ फेब्रुवारी

सांध्याचा नकाशा टेम्पलॉट या संगणकावरच्या प्रोग्रॅममधून काढला. हा फुकट मिळतो आणि सांध्याची भूमिती त्यात व्यवस्थित येते. १:६ चं क्रॉसिंग (दोन मार्गांचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात ती जागा) घेतलंय. कागद छापून आणला, स्लीपर चिकटवले, गेज ठेवला तर तो नकाशावरच्या रेघांत बसेना. छापणाऱ्या दुकानात कागदाला बसेल असं आपोआप लहान करून छापलं होतं. १०० मि.मी.ची रेघ ९६ च्या आसपास भरत होती. आता प्रत्येक पानावर १०० मि.मी.ची एक रेघ आडवी आणि एक उभी काढतो, दुकानातच स्टीलच्या पट्टीने मोजतो आणि मगच पैसे देतो. पान मोठं असेल तर दोन्ही दिशा मोजा. काही यंत्रं एकाच दिशेला ओढतात.

२५ फेब्रुवारी

साधा सरळ रूळ झाला. बोर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.८ मीटर. यात फार सांगण्यासारखं नाही. काम संथ आहे पण अवघड नाही. ज्या गोष्टी उपयोगी पडल्या तेवढ्या लिहितो.

रूळ लावायच्या आधी त्याचा तळ आणि स्लीपरचं तांबं पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. दोन्हीवर आधी पातळ सोल्डर चढवा, मग रूळ ठेवून सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक दोन सेकंद टेकवा. २५ वॉटची इस्त्री फार हळू तापवते, त्यामुळे उष्णता बोर्डात पसरत राहते आणि सोल्डर गोळ्यासारखं बसतं. तापमान ठरवता येणारी ६० वॉटची घेतली, १,७०० रुपये. काम झपाट्याने सुधारलं.

प्रत्येक पीसीबी स्लीपरच्या मधोमध तांबं करवतीने चिरून तोडावं लागतं, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जाऊन शॉर्ट होतं. ही चीर स्लीपर बसवायच्या आधीच द्या. आणि प्रत्येक रूळ लावल्यावर लगेच मल्टिमीटरचा बझर लावून बघा. शेवटी एकदम तपासायचं ठरवलं तर कुठला स्लीपर दोषी आहे ते शोधताना संध्याकाळ जाते.

१० मार्च

सांध्याच्या पात्यांना सुरुवात. हे या सगळ्या कामातलं सगळ्यात नाजूक.

पातं म्हणजे रुळाचा तो हलणारा तुकडा, जो बाजूच्या स्थिर रुळाला चिकटतो आणि गाडीला दुसरीकडे वळवतो. त्याचं टोक कागदाइतकं पातळ पाहिजे. पण केवळ पातळ असून चालत नाही. टोकापासून मागे काही सेंटिमीटरपर्यंत ते स्थिर रुळाला सलग टेकलं पाहिजे आणि मग हळूहळू त्याच्यापासून सुटलं पाहिजे. मी कानसून केलेली पाती बोटाला गुळगुळीत लागत होती, डोळ्याला सरळ दिसत होती, आणि स्थिर रुळाला मधेच एका ठिकाणी टेकून टोकाशी उघडी राहत होती. चाकाची कड त्या फटीत शिरते आणि डबा दोन मार्गांत फाकतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ओळखीचे एक चाचा आहेत, सतारी-तंबोऱ्यांची जवारी काढतात, म्हणजे तारेखालची घोडी घासून आवाज जुळवतात. मिरजेतली ही कारागिरी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातून आली, त्यामुळे कानस हातात धरण्याचं ज्ञान या गल्लीत पिढ्यांपासून आहे. खरं तर मी त्यांच्याकडे बारीक कानशी कुठे मिळतात एवढंच विचारायला गेलो होतो. त्यांनी पातं आणि स्थिर रूळ दोन्ही घेतले, एकमेकांना लावून खिडकीसमोर धरले. मधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती, मधल्या टेकलेल्या ठिकाणी ती तुटत होती.

“तुम्ही धातू बघून घासताय. उजेड बघून घासा,” ते म्हणाले. “जवारी अशीच काढतात. तार घोडीवरून कुठे सुटते ते उजेडात दिसतं.”

मग त्यांनी करून दाखवलं. स्थिर रुळाच्या कडेला पेन्सिलीचं शिसं चोळलं, पातं त्यावर दाबून जरासं पुढेमागे सरकवलं. जिथे काळा डाग पडला तिथला भाग उंच, तेवढाच घासायचा. कानस फक्त पुढे जाताना दाबायची, मागे आणताना उचलायची. दातांत धातू अडकून ओरखडे पडू नयेत म्हणून कानशीला आधी खडू चोळायचा. दर चार-पाच घासांनी परत उजेडात धरायचं. त्यांच्या हाताखाली उजेडाची ती रेघ टोकाकडून मागे सरकत सरकत गेली आणि टोकाशी पूर्ण बंद झाली. मागे जिथे पातं रुळापासून सुटायला हवं, तिथे ती हळूहळू रुंद होत गेली.

घरी येऊन सागाच्या ठोकळ्यात रुळाच्या तळाएवढी खाच पाडली. पातं त्यात बसवून घासलं की वाकत नाही. आता सगळी पाती शिसं आणि उजेड या दोन गोष्टींवर करतोय. एका पात्याला चांगले दोन-अडीच तास लागतात आणि मला ते जास्त वाटत नाहीत.

येताना चाचांनी सतारीची पोलादी तारही दिली, ०.३ मि.मी.ची. तिचं काम पुढे आहे.

२४ मार्च

क्रॉसिंगचं नाक केलं. दोन रूळ तिरपे घासून एकत्र सोल्डर करायचे की व्हीचा आकार होतो. १:६ चा कोन कागदावर काढून, तो ठोकळ्यावर उतरवून घासला. टोक सुईसारखं ठेवू नका, चाकाच्या माराने ते लगेच वाकतं. अर्धा मि.मी. बोथट ठेवलंय.

मग विंग रेल (नाकाच्या दोन्ही बाजूंनी वळणारे रूळ) आणि चेक रेल (नाकासमोरच्या रुळालगत आतून लावलेला तुकडा) लावल्या. चेक रेलची फट १ मि.मी. ठेवली. त्या जाडीचा पत्र्याचा तुकडा चेक रेल आणि तिच्या शेजारचा रूळ यांच्यामध्ये धरून सोल्डर केलं. दिसायला सांधा फार सुंदर झाला आहे.

७ एप्रिल

चाचणी. आणि इथे आठवडेच्या आठवडे गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिन आधी चालवू नका. इंजिन जड असतं, त्याची चाकं दोष दडपून टाकतात. सगळ्यात हलका डबा घ्या, बोटाने अगदी हळू ढकला, सांध्याच्या दोन्ही मार्गांवरून, दोन्ही दिशांनी. माझ्याकडे उघड्या वाघिणी (मालडबे) आहेत, वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेल्या. त्यांतल्या बहुतेक क्रॉसिंगवर टक् असा आवाज करून उडत होत्या. एक जुनी वाघीण मात्र लोण्यासारखी जात होती.

साहजिकच वाटलं की ती एक बरोबर आणि बाकीच्यांच्या चाकांत काहीतरी गडबड. चाकं काढली, पुसली, वजन वाढवलं. काही फरक नाही.

शेजारचे तात्या रेल्वेतून मुकादम म्हणून निवृत्त झालेत. ते चष्मा लावून बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “नाकाला मार बसतोय रे. ते बघ, चमकतंय. नाकाला मार बसतोय म्हणजे चेक रेल तिचं काम करत नाही. दोष नाकाच्या समोरच्या बाजूला बघ.”

हे ऐकल्यावर मोजायला बसलो. ज्यांना सांधा करायचा आहे त्यांनी पुढचं नीट वाचावं. सगळा सांधा या एका मापावर उभा आहे.

क्रॉसिंगपाशी रूळ तुटलेला असतो. एका बाजूचं चाक त्या मोकळ्या जागेवरून जात असताना त्याला नाकावर आदळू न देण्याचं काम दुसऱ्या बाजूची चेक रेल करते. ती त्या बाजूच्या चाकाला आतून पाठीमागे धरून ठेवते, आणि आसामुळे पलीकडचं चाकही आपसूक नाकापासून लांब राहतं. म्हणजे महत्त्वाचं अंतर चेक रेल आणि तिचा शेजारचा रूळ यांच्यातलं नाही. महत्त्वाचं अंतर नाकाच्या आतल्या कडेपासून चेक रेलच्या ज्या कडेला चाक टेकतं तिथपर्यंतचं.

माझ्या सांध्यात नाक सोल्डर करताना किंचित आत सरकलं होतं. तिथे गेज ९.० ऐवजी ८.९ भरत होता. चेक रेलची फट १.० होती. म्हणजे नाकापासून चेक रेलपर्यंत ७.९. आता चाकं: बहुतेक वाघिणींच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर ७.५ आणि कडेची जाडी ०.५५. बेरीज ८.०५. चाकाला ८.०५ जागा हवी आणि सांध्यात ७.९ आहे. कड नाकावर आदळणारच.

मग ती जुनी वाघीण का जात होती? तिच्या चाकांमधलं अंतर ७.२ होतं. अधिक ०.५५, म्हणजे ७.७५. ती ७.९ मधून आरामात निघत होती. चुकीचं चाक चुकीच्या सांध्यावर बरोबर चालत होतं.

१४ एप्रिल

मेस्त्रींकडून आणखी एक गेज करून घेतला. ॲल्युमिनियमचाच, खाली दोन दात असलेला. एक दात नाकाच्या कडेला टेकतो, दुसरा चेक रेल आणि रुळाच्या फटीत उतरतो, चेक रेल त्याला टेकवून धरायची. अंतर ८.१. चेक रेल सोडवली, हा गेज लावून पुन्हा बसवली. आता फट आपोआप ०.८ झाली. नाक मुद्दाम हलवलं नाही. ८.९ चा गेज थोडा घट्ट आहे, पण चाकांची बाहेरून बाहेर रुंदी ८.६, ती जाते.

७.५ च्या सगळ्या वाघिणी आवाज न करता जायला लागल्या. जुनी वाघीण मात्र आता चेक रेलवर चढते. हेही बरोबरच आहे. चेक रेलच्या कडेपासून विंग रेलच्या कडेपर्यंतचं अंतर आता ८.१ वजा विंग रेलची फट ०.९, म्हणजे ७.२. चाकांमधलं अंतर यापेक्षा जास्त असलं तरच जोडी त्यावरून मोकळी जाते, आणि तिचं नेमकं ७.२ आहे. तिची चाकं आसावर सरकवून ७.५ केली, झालं.

म्हणून कामाचा क्रम असा असावा: आधी असतील नसतील तेवढी सगळी चाकं मोजा आणि एका मापाला आणा. मग रूळ घाला. चाकं वेगवेगळी असताना सांधा दुरुस्त करायला घेतला तर एक दुरुस्ती दुसऱ्या वाघिणीला बिघाड वाटते आणि माणूस त्याच जागी फिरत राहतो.

५ मे

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आमच्या भागात असलं सामान तळमजल्यावर कोणी ठेवत नाही. त्यामुळे बोर्ड वरच्या खोलीत, पत्र्याखाली आहे. दुपारी तिथे उभं राहवत नाही. १.८ मीटरचा सलग रूळ मधेच बाजूला फुगला आणि त्याने दोन स्लीपरांचं सोल्डर तोडलं.

निकेल सिल्व्हर एका मीटरला २० अंशांच्या फरकाने साधारण एक तृतीयांश मि.मी. वाढतं. माझा रूळ जानेवारी-फेब्रुवारीत, गारव्यात घातलेला. वाढीला जागाच नव्हती. आता दर ६० सें.मी.वर रूळ कापून अर्ध्या मि.मी.ची फट ठेवली आहे. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर जोडली, कारण फटीतून वीज जाण्याचा भरवसा नाही. फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) जोडलेली दिसते, पण ती एकाच बाजूला सोल्डर केली आहे, दुसऱ्या बाजूने रूळ सरकतो. कापण्याचं काम सकाळी सहाला केलं, त्या वेळी खोली सगळ्यात गार असते. दुपारी, रूळ तापून वाढलेला असताना याच फटी पाडल्या असत्या तर थंडीत त्या दीड-दोन पट रुंद झाल्या असत्या.

१९ मे

पाती हलवणारी आडवी पट्टी. सुरुवातीला दोन्ही पाती पीसीबीच्या पट्टीला घट्ट सोल्डर केली होती. सांधा फिरवताना पात्याचा कोन किंचित बदलतो, तो सगळा ताण त्या दोन सोल्डरवर येतो आणि थोड्या दिवसांत ते तडकतात. इथे चाचांची सतारीची तार कामाला आली. तारेचा इंग्रजी एलच्या आकाराचा तुकडा पात्याच्या तळाला सोल्डर केला, त्याचं दुसरं टोक पट्टीतल्या ०.४ मि.मी.च्या भोकातून खाली सोडलं. आता पातं त्या भोकात थोडं फिरतं, ताण राहत नाही. त्याच तारेचा एक वळसा करून पट्टीला स्प्रिंगही लावली, पातं ज्या बाजूला असेल तिथे दाबून धरते. ही तार पुन्हा पुन्हा वाकून मरत नाही. परदेशी पुस्तकांत इथे पियानो वायर सांगतात. सांगली-मिरजेत राहणाऱ्याला ती शोधत बसायची गरज नाही.

याच दिवशी शॉर्टचा प्रश्न सोडवला. इंजिन सांध्यावर आलं की क्षणभर वीज जात होती. उघड्या पात्याच्या पाठीला चाक घासत होतं, आणि ते पातं क्रॉसिंगला जोडलेलं असल्यामुळे उलट्या ध्रुवाचं होतं. पाती आणि क्रॉसिंग यांच्यामध्ये रूळ कापून तोडला. प्रत्येक पातं त्याच्याच बाजूच्या स्थिर रुळाला वायरने जोडलं. क्रॉसिंगला मात्र सांध्याबरोबर फिरणाऱ्या मायक्रोस्विचमधून वीज दिली. मायक्रोस्विच ३५ रुपयांचा. दुसऱ्या सांध्यात ही कापणी सोल्डर करायच्या आधीच करणार, जागेवर बसलेल्या रुळात करवत घालणं जिवावर येतं.

१६ जून

पाऊस सुरू झाला आणि सोल्डर केलेल्या काही जागांवर हिरवी बुरशीसारखी पूड दिसली. जिथे जिथे हार्डवेअरच्या दुकानातलं आम्लाचं फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) वापरलं होतं तिथेच. राळेचं फ्लक्स वापरलेल्या जागा स्वच्छ आहेत. आम्ल दमट हवेत तांबं खात राहतं. सगळा रूळ गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, पंख्याखाली रात्रभर ठेवला. आम्लाची डबी आता या टेबलावर येणार नाही.

१२ मि.मी.च्या प्लायवुडची खालची बाजूही पावसाच्या आधी रंगवून घ्यायला हवी. एका बाजूनेच रंगवलेला बोर्ड दमट हवेत वाकतो. माझा अजून सरळ आहे, तरी कालच दोन हात दिले.

७ जुलै

खडी. क्रशरवरची काळ्या दगडाची कच आणली, पोतंभर फुकट मिळाली. १:८७ ला ५० मि.मी.ची खडी म्हणजे अर्ध्या मि.मी.हून जरा मोठा कण. मैद्याच्या चाळणीतून जी पूड खाली पडते ती टाकली, वर राहिलेलं चहाच्या गाळणीतून काढलं. गाळणीतून पडलेलं मापाला बसतं.

आणि मग ती कच कागदावर पसरून वरून लोहचुंबक फिरवा. आपला बेसाल्ट आहे, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. चुंबकाला काळी दाढी आली. हे कण रुळावर राहिले तर इंजिनाच्या मोटरमधला चुंबक ते ओढून घेतो आणि मोटर हळूहळू घासून मरते. इथल्या दगडाची खडी वापरणाऱ्याने हे टाळू नये. चुंबकाला काही चिकटेनासं होईपर्यंत फिरवा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला तर कण झटकायला सोपं जातं.

फेव्हिकॉल एक भाग, पाणी दोन भाग, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. साबण नसेल तर पाणी खडीवर थेंब होऊन बसतं, आत जात नाही. सांध्याच्या पात्यांखाली खडी टाकलीच नाही. तिथे फक्त रंगवलेली बारीक वाळू चिकटवली, पट्टीपासून दूर. तरीही गोंद पसरला आणि एक पातं जाम झालं, ते पाणी लावून सोडवलं. पात्यांना आधी थोडं मशीनचं तेल लावून ठेवा.

२१ जुलै

पहिल्या सांध्याची शेवटची चाचणी. सहा वाघिणी इंजिनाने मागे ढकलत, सायडिंगवर वळत्या मार्गाने, जितक्या हळू चालवता येईल तितक्या. ढकलताना डबे एकमेकांवर रेटतात, म्हणून ओढण्यापेक्षा ही परीक्षा कडक असते. पडली नाही. मग स्थिर रुळाच्या आतल्या कडेला काळा मार्कर लावून परत फिरवली. शाई पुसली गेली ती सलग, मधे कुठे तुटली नाही. फक्त वळणाच्या सुरुवातीला दोन सें.मी. शाई जास्त खरवडली गेली आहे. तिथे गेज घट्ट आहे, ८.९५ भरतोय. गाडीला त्रास नाही, पण चाकं झिजतील, म्हणून तो एक स्लीपर तापवून ९.१ ला आणणार. वळणावर गेज थोडा सैल ठेवावा लागतो, हे नकाशातच घ्यायला हवं.

आतापर्यंतचा खर्च: रूळ ४,२००, पीसीबी दोन्ही प्रकारचा मिळून ७५०, गेज तिन्ही मिळून १,२५०, इस्त्री १,७००, प्लायवुड आणि लाकूड १,४००, सोल्डर, फ्लक्स, वायर, स्विच मिळून ९०० च्या आसपास. सगळे १०,२००. यात इस्त्री आणि गेज पुढच्या सांध्यालाही चालतील.

दुसऱ्या सांध्याचं नाक घासून ठेवलंय. या वेळी क्रम बदलतोय: नाक सगळ्यात आधी सोल्डर करायचं, मग त्याच्यापासून ८.१ च्या गेजने चेक रेल, आणि बाहेरचा रूळ त्यानंतर, ९.० च्या गेजने. बाहेरच्या रुळापासून आत येण्याऐवजी नाकापासून बाहेर जायचं. पाती अजून घासायची आहेत, त्यातलं एक मिरजेला दाखवून आणणार आहे.